क्लासच्या दारातली भूक

संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या क्लासबाहेर उभे राहिले, तर दहावी-बारावीच्या मुली काय खातात ते दिसते. मैद्याच्या पोळीवर शेजवान चटणी आणि मेयोनीज फासायचे, तळलेली बटाट्याची कांडी ठेवायची आणि वरून चीज किसायचे, अशी ही फ्रँकी असते आणि तिच्यासोबत बहुधा शीतपेयाची बाटली असते. अडीचशे मिलिलिटरच्या अशा गोड बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर शक्यतो दिवसभरात मिळून एवढीच असावी.

या मुलींना जिभेचे चोचले लागले आहेत, असे मला वाटत नाही. सकाळी सातच्या शाळेसाठी घोटभर चहा घेऊन निघालेली, साडेदहाला डबा संपवलेली आणि दुपारी चार घास कसेबसे गिळून क्लासला पळालेली मुलगी सहा वाजता खरोखरच भुकेली असते. त्यात आठवी-नववीपासून बहुतेकींचे मैदान सुटते, कारण पाळी सुरू झाल्यावर ‘आता पुरे झाले खेळणे’ असे अजूनही अनेक घरांत सांगितले जाते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना अतितेलकट, अतिखारट आणि अतिगोड पदार्थ विकू नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. पण मुलींची संध्याकाळ जाते क्लासच्या दारात.

मग वजन वाढते आणि घरात, लग्नकार्यात, ‘किती सुटलीस गं!’ हे ऐकवले जाते. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे निसर्गक्रमच आहे, म्हणून वजन जास्त आहे की नाही हे वयानुसार उंची-वजनाचा तक्ता पाहून डॉक्टरांनी ठरवावे, मावशी-काकूंनी नव्हे. अशा बोलण्याने दुखावलेली मुलगी रात्रीचे जेवण टाळते, सकाळी काही खात नाही आणि संध्याकाळी दुप्पट भुकेने त्याच गाडीवर जाते.

तेच खाणाऱ्या तिच्या सडपातळ मैत्रिणीला मात्र कोणी काही विचारत नाही, आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे, आढळला. मैदा, बटाटा आणि साखर यांनी पोट भरते, पण पाळीत जाणारे लोह भरून निघत नाही, आणि ही उणीव वजनकाट्यावर दिसत नाही.

घरून दुसरा छोटा डबा देता येतो: मटकीची उसळ आणि लिंबाची फोड, थालीपीठ किंवा मूठभर शेंगदाणे नि गूळ. परंतु तो खायला वेळ आणि जागा हवी. सलग तीन तास शिकवणाऱ्या क्लासचालकांनी मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी द्यावी आणि वर्गात बसून डबा खाऊ द्यावा, ही मागणी पालकांनी प्रवेशाच्या वेळी, शुल्क भरण्याआधीच करावी.