उभी बस, पळता उजेड

रात्रीच्या एसटीचा सीन होता. बाहेर पाऊस, खिडकीशी माहेरी निघालेली सून. खऱ्या घाटात शूट करणं बजेटात बसेना, म्हणून साताऱ्याजवळच्या एका शेडमध्ये जुनी बस एसटीसारखी रंगवून उभी केली. बस जागची हलणार नाही, उजेड पळवायचा. मागचं दृश्य नंतर जोडायचा हिरवा पडदा डीओपींना, म्हणजे कॅमेरा सांभाळणाऱ्यांना, नकोच होता; थेंबांनी भरलेल्या काचेतून तो हिरवा रंग कापून काढत बसणं म्हणजे नंतर डोक्याला ताप.

बसमध्ये बॅटरीवरच्या ट्यूबा लावल्या, चेहरा जेमतेम दिसेल इतक्या मंद. पहिल्या टेस्टला शेडचा स्वस्त एलईडी बल्ब चालू राहिला आणि मॉनिटरवर पट्टे सरकायला लागले. वीज 50 हर्ट्झची, आम्ही सेकंदाला 24 फ्रेमवर. शटर 172.8 अंशांवर आणलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, तेव्हा विजेशी ताळ जमला आणि पट्टे गेले. काचेवर पाणी मारायला शेतातला फवारणीचा पंप. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडासाठी फळीवर हेडलाइटइतक्या अंतरानं दोन छोटे पार लाइट बांधले, फळी ट्रॉलीवर. सून डाव्या खिडकीत, म्हणून ट्रॉलीही डावीकडूनच पळवली. चेहऱ्यावरून उजेड असा सरकला की मीच खूश.

बस आणलेले काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. चहा फुंकत म्हणाले, "गॅफरसाहेब, ह्यो ट्रक शेतातनं चाललाय व्हय?"

आपल्याकडे समोरची गाडी उजवीकडून जाते. वीस वर्षं लाइट लावतोय, पण हे सुचलं नाही!

काका मग थांबेचनात. ट्रकचा उजेड आधी समोरच्या काचेत हळूहळू वाढतो आणि शेजारी आला की झपकन जातो, कारण दोन्ही गाड्या पळत असतात. डावीकडचा ढाबा मात्र सावकाश मागं पडतो. "आन् पाणी उभं कसं उतरतंय? गाडी पळतीय ना?"

ट्रॉली उजवीकडे नेली, वेग दुप्पट केला. डावीकडे ढाब्याची एकच ट्यूब, लाइटमन हातात धरून आरामात चालत जाणारा. पुढून पेडेस्टल फॅन लावला तसे थेंब काचेवर तिरपे मागं पळायला लागले. वरच्या दांडीला लटकवलेली पिशवी नायलॉनच्या दोऱ्यानं हलवायला एक पोरगा सीटखाली.

स्टिअरिंगवर पाठमोरे म्हणून काकांनाच बसवलं. तिसरा टेक. ट्रॉलीचा उजेड समोरच्या काचेत भरला आणि काकांनी, कुणी सांगितलं नसताना, डिपर मारला.