दवंडी ऐकू आली नाही तर

हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्डसारखी गुपिते जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलेला पासवर्ड बदलला की त्याची वर्दी आपल्या सेवेला लगेच मिळावी, ही अपेक्षा साधी आहे आणि आता ती पूर्णही होते. २०२३ साली आलेल्या १.१३ या आवृत्तीत ही सोय प्रायोगिक स्वरूपात दिसली आणि १.१६ पासून ती एंटरप्राइझ ग्राहकांसाठी पक्की झाली. त्याआधी आमच्यासारख्यांचा मार्ग ठरलेला होता: ठरावीक अंतराने व्हॉल्टचे दार वाजवायचे आणि काही बदलले का ते विचारायचे. व्हॉल्ट एजंट या मदतनीस प्रोग्रॅमची टेम्प्लेट्स (सिक्रेट्स भरून फाइल तयार करणारे साचे) मुदत नसलेली सिक्रेट्स, म्हणजे ही गुपिते, मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी अशीच पुन्हा वाचतात. शंभर वेळा विचारावे आणि नव्याण्णव वेळा ‘काही नाही’ ऐकावे, हे कोणालाही खटकेल. मलाही खटकले, आणि वर्दीची सोय हाती येताच मी ते नियमित विचारणे बंद करून टाकले.

ती चूक होती, आणि ती सर्वस्वी माझी होती. डेटाबेसचा पासवर्ड रात्री बदलणारे एक काम आम्ही लावलेले होते. एका रात्री नेमक्या त्याच वेळी ज्यावरून वर्दी येते ते आमचे वेबसॉकेट कनेक्शन (सतत उघडी राहणारी जोडणी) मधल्या लोड बॅलन्सरने (रहदारी वाटून देणाऱ्या यंत्रणेने) तोडले. दोनएक मिनिटांत ते पुन्हा जोडले गेले, लॉगमध्ये ‘जोडणी यशस्वी’ अशी समाधानकारक ओळही उमटली, पण त्या दोन मिनिटांत निघालेली वर्दी आमच्यापर्यंत कधीच आली नाही. तरीही रात्रभर सारे सुरळीत चालले, कारण डेटाबेसशी आधी उघडलेली कनेक्शन्स पासवर्ड बदलला म्हणून तुटत नाहीत. सकाळी वापर वाढला, पूलने (डेटाबेसची उघडी कनेक्शन्स सांभाळणाऱ्या भागाने) नवी कनेक्शन्स उघडायला घेतली, आणि तेव्हा जुना पासवर्ड नाकारला जाऊ लागला. कारण रात्रीचे आणि लक्षण सकाळचे, त्यामुळे शोध घेण्यात अर्धा दिवस गेला.

व्हॉल्टची वर्दी ही दवंडीसारखी असते. कोतवालाने चौकात दवंडी पिटली तेव्हा जो हजर होता त्याने ती ऐकली. जो शेतावर होता त्याच्यासाठी कोतवाल पुन्हा येत नाही. हे इव्हेंट्स, म्हणजे या वर्द्या, व्हॉल्ट कोठेही साठवून ठेवत नाही, ते पोहोचतीलच अशी हमी देत नाही, आणि नव्याने जोडल्या गेलेल्या ग्राहकाला मागचे इव्हेंट्स पुन्हा ऐकवतही नाही. शिवाय वर्दीत पासवर्ड नसतो, आणि तो नसतो हेच योग्य आहे. क्लाउडइव्हेंट्स या सर्वमान्य साच्यात कोणत्या प्रकारची घटना घडली, कोणत्या पाथवर (सिक्रेट जिथे ठेवले त्या पत्त्यावर) घडली, केव्हा घडली, आणि केव्ही इंजिनाच्या (व्हॉल्टमधील नाव-मूल्य जोड्या साठवणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या आवृत्तीत सध्याचा व्हर्जन क्रमांक कोणता, एवढेच त्यात येते. प्रत्यक्ष मूल्य हवे असेल तर आपल्या टोकनानिशी (ओळख पटवणाऱ्या परवान्यासह) जाऊन ते वाचावेच लागते.

यातून जुळणीचा क्रम ठरतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सहज निसटणारी गोष्ट हीच आहे. बहुतेकांच्या मनात येणारा क्रम असा असतो की सेवा सुरू होताना आधी सिक्रेट वाचावे आणि मग वर्दीचे सबस्क्रिप्शन घ्यावे. परंतु या दोन कृतींमध्ये काही मिलिसेकंदांची का होईना फट राहते, आणि त्या फटीत झालेला बदल ना वाचनात सापडतो ना वर्दीत. म्हणून आधी सबस्क्रिप्शन घ्यावे, ते लागू झाल्याची खात्री झाली की मग सिक्रेट वाचावे, आणि कनेक्शन तुटून पुन्हा जुळले की दर वेळी हेच करावे. व्हॉल्ट प्रॉक्सी (सेवा आणि व्हॉल्ट यांच्यामधला मध्यस्थ प्रोग्रॅम) आपल्या कॅशमधील (तात्पुरत्या साठ्यातील) केव्ही सिक्रेट्स ताजी ठेवण्यासाठी याच इव्हेंट्सचा आधार घेते, आणि तीसुद्धा जोडणी झाल्यावर, पहिली वर्दी हाताळण्यापूर्वी, कॅशमधील सिक्रेट्स पुन्हा वाचून घेते. या क्रमात एकच बदल दोनदा कळण्याची शक्यता असते, पण व्हर्जन क्रमांक ताडून पाहिला की दुसरी वर्दी निमूटपणे सोडून देता येते.

परवानगीचा भाग थोडा किचकट वाटतो, तरी तो तसा असण्याला कारण आहे. इव्हेंट्सच्या पाथवर वाचनाचा हक्क लागतोच. शिवाय ज्या सिक्रेटची वर्दी हवी त्याच्या पाथवर ‘सबस्क्राइब’ हा वेगळा हक्क आणि कोणत्या प्रकारचे इव्हेंट्स चालतील त्यांची यादी पॉलिसीत (हक्कांच्या नियमावलीत) लिहावी लागते. चाचणीच्या घाईत तेथे तारांकन (म्हणजे ‘सगळे चालेल’) टाकून मोकळे होण्याचा मोह मलाही झाला आहे. मात्र पाथच्या नावात ग्राहकाचे नाव असेल, तर कोणत्या ग्राहकाचे सिक्रेट केव्हा बदलते हे मूल्य न वाचताही कळते, आणि ही माहितीसुद्धा प्रत्येकाला मिळावी अशी नसते.

इतर ठिकाणी वर्दीची वाट निराळी आहे. गूगलचे सीक्रेट मॅनेजर एका सिक्रेटसाठी जास्तीत जास्त १० पब/सब टॉपिक (गूगलच्या संदेश वाटणाऱ्या सेवेतील वाहिन्या) जोडू देते. मायक्रोसॉफ्टचे अझुर की व्हॉल्ट इव्हेंट ग्रिड या संदेशवाहक सेवेमार्फत सिक्रेटची मुदत संपण्याच्या ३० दिवस आधीच सावध करते. तेथे मध्ये संदेश धरून ठेवणारी आणि पुन्हा पाठवून पाहणारी यंत्रणा असल्यामुळे दोन मिनिटांची गैरहजेरी सहसा खपून जाते. त्या बदल्यात एकच संदेश दोनदा येण्याची तयारी ठेवावी लागते.

आमच्याकडे आता नियमित विचारणे परत आले आहे, मात्र दर ५ मिनिटांऐवजी दर अर्ध्या तासाने. वर्दी येताच सेवेच्या सगळ्या प्रती एकाच क्षणी व्हॉल्टवर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक प्रत वाचनापूर्वी काही सेकंद यदृच्छेने थांबते. आणि अर्ध्या तासाच्या त्या फेरीत एखादा नवा व्हर्जन क्रमांक आढळला, ज्याची वर्दी आधी आलेलीच नव्हती, तर लॉगमध्ये त्याची वेगळी नोंद होते आणि ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजतो.