मोहन घाला म्हणजे नेमकं काय घाला

दिवाळी जवळ आली की फराळाचे व्हिडिओ सुरू होतात आणि त्यात "आता यात मोहन घालूया" हे वाक्य इतक्या भरभर उरकतात की ज्याला माहितीये त्यालाच कळतं. मोहन म्हणजे पीठ भिजवायच्या आधी कोरड्या पिठात घालायचं तेल नाहीतर तूप, बास. पण क्रम महत्त्वाचा, आधी मोहन आणि मगच पाणी किंवा दूध. मैद्याला तूप नीट चोळलं की ते कणाकणाला लागतं आणि मग भिजवताना मैदा चिवट होत नाही, म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते, नाहीतर दातांची परीक्षाच.

किती घालायचं यावर प्रत्येक घरात वेगळं उत्तर. शंकरपाळीला आमच्याकडे मुठीवर ठरतं, म्हणजे मोहन दोन्ही हातांनी चोळायचं, मूठ आवळायची, मुटका वळला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे. नाही वळला तर अजून चमचाभर तूप. चकलीला मात्र हा हिशोब लावू नका हं, भाजणीत मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते आणि कढईच्या तळाशी नुसता चुरा, कमी झालं तर कडक. चार वाट्या भाजणीला पाव वाटी तेल इथून सुरुवात करायची, पुढे भाजणी बघून.

आणि मोहन कडकडीत तापवून घाला म्हणतात, तर कडकडीत म्हणजे खरंच कडकडीत, कोमट नाही. सासूबाई तेलात चिमूटभर पीठ टाकून बघतात, फसफसून वर आलं तरच ते तेल पिठावर ओततात, चर्र आवाज येतो, मग आधी चमच्याने कालवायचं आणि हात नंतर (घाईत सगळे इथेच भाजून घेतात).

कांदाभजीच्या पिठातही चमचाभर गरम तेल घालतात, तिथे पाणी आधीच पडलेलं असतं पण म्हणायचं मोहनच. मला ते सोड्यापेक्षा बरं वाटतं, सोड्याची भजी फार तेल पितात.

फक्त करंजीच्या पोळ्यांवर तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेसून लावतात त्याला मोहन म्हणू नका, तो साटा, त्याने पदर सुटतात. करंजीच्या पिठात मोहन वेगळं घालावंच लागतं, साटा आहे म्हणून ते वाचत नाही.