पडद्यावर 33.7, पॅनेलवर अंधार

पावसाला नुकती सुरुवात झाली होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत 11 केव्ही केबलच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाला ओल शिरून फॉल्ट झाला. पहिल्या पावसात असं कुठं ना कुठं होतंच. केबलच्या टोकावर आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह तापवताना घाई केली की पाणी बरोबर वाट काढतं. नवल निराळंच होतं. फौंड्रीचा स्वतःचा व्हीसीबी, म्हणजे फॉल्ट झाला की सप्लाय तोडणारा व्हॅक्यूम ब्रेकर, उघडलाच नाही. वरच्या उपकेंद्रातला फीडर ट्रिप झाला आणि त्याच्यावरचे शेजारचे कारखानेही अंधारात गेले. फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायचा आदेश देणारा रिले बिघडला असणार असं गृहीत धरून मला बोलावलं होतं.

पोचलो तेव्हा छोट्या जनरेटरवर भट्टीच्या कॉइलचा पाण्याचा पंप तेवढा चालू होता. आत वितळलेल्या धातूचा रस असताना पाणी थांबलं तर कॉइल जळते, म्हणून तो आधी. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, पॅनेलवर एकही दिवा नव्हता, रिलेचा डिस्प्लेही काळा. ऑफिसातला मॉनिटरिंगचा पडदा मात्र यूपीएसवर जिवंत होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत झळकत होतं: डीसी व्होल्टेज 33.7. रिलेला आणि ब्रेकर उघडायला ताकद देणाऱ्या बॅटरीचा हा आकडा, असं सगळे धरून चालले होते.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, सकाळपासनं ह्योच आकडा हाय की. बॅटरी झकास हाय."

परमिट घेतलं, आयसोलेटर उघडून अर्थिंग केलं आणि मगच पॅनेलचं दार उघडलं. बॅटरीचा सप्लाय वाटणाऱ्या डीसी बसवर मल्टिमीटर लावला तर 6 व्होल्ट. रिलेचा आदेश ब्रेकरच्या ट्रिप कॉइलपर्यंत पोचवणारा मास्टर ट्रिप रिले पडलेला होता, म्हणजे त्याने काम केलं होतं. तो हाताने रिसेट करेपर्यंत तसाच चिकटून राहतो, आणि ब्रेकर उघडलाच नसल्यामुळे त्याच्यासोबत हलणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्टही जुळलेला. म्हणजे इतका वेळ ट्रिप कॉइल बॅटरीवर लोंबकळत होती, पण तिला ओढण्याएवढा करंट मिळत नव्हता. ट्रिप सर्किटचा फ्यूज काढला आणि बस चढला 31 व्होल्टवर. बॅटरी पुन्हा ठणठणीत, निदान दिसायला तरी.

ही 30 व्होल्टची बॅटरी, 2 व्होल्टचे 15 सेल. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 6 ओहम, म्हणजे ट्रिपला 5 अँपिअर हवेत. तेवढा लोड देऊन बघायचा तर गाडीच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट 60 वॉटचे तीन बल्ब सिरीजमध्ये जोडायचे, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. चार्जर बंद ठेवून बल्ब जोडले. फिलामेंट लालसुद्धा झाली नाही, टर्मिनलवर 2 व्होल्टही उरले नाहीत. मग बल्ब तसेच ठेवून एकेक सेल मोजत गेलो. सहापर्यंत प्रत्येकी 2 च्या आसपास. सातव्यावर मीटरने दाखवलं उणे 26, म्हणजे बाकीच्या सेलचं जवळपास सगळं व्होल्टेज तिथेच अडत होतं. पॉझिटिव्ह पोस्टला हात लावला तर दुखऱ्या दातासारखा डुगडुगत होता. आतला सांधा गंजून तुटायच्या बेतात आला होता. मीटर जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे लोडशिवाय मोजलं की असला सेल निर्दोष दिसतो.

रिलेला बाहेरून सप्लाय देऊन इव्हेंट लॉग वाचला. फॉल्ट पकडल्यापासून 31 मिलिसेकंदांत ट्रिपचा आदेश गेला होता. त्यापुढे ब्रेकर उघडल्याची नोंदच नव्हती. रिलेने आपलं काम चोख केलं होतं.

मग आजवरच्या टेस्टिंगमध्ये ब्रेकर दर वेळी कसा उघडायचा? कारण तेव्हा चार्जर चालू असायचा आणि 5 अँपिअर तोच द्यायचा. चार्जरची एसी येत होती त्याच ट्रान्सफॉर्मरच्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूने. एचटी टोकाला फॉल्ट झाला की व्होल्टेज कोसळतं आणि ऐन गरजेच्या क्षणी चार्जर मान टाकतो. बॅटरी ठेवायची ती नेमकी त्या क्षणासाठी. ट्रिप सर्किट हेल्दीचा हिरवा दिवाही इथे कामाचा नाही. तो काही मिलिअँपिअरवर जळतो. कॉइलची वायर तुटली तर सांगेल, बॅटरीत दम आहे का ते नाही.

खूण समोरच होती खरं तर. चार्जरवरच्या अँपिअर मीटरचा काटा कधीचा शून्यावर होता आणि त्याचा अर्थ "बॅटरी फुल" असा लावला गेला होता. 33.7 चं गणितही सरळ: 15 सेल, प्रत्येकी 2.25 फ्लोट, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवायला चार्जर सतत देतो ते व्होल्टेज. सेन्सिंगच्या वायरा चार्जरच्या आउटपुटला जोडलेल्या, म्हणजे चार्जर स्वतःचाच आकडा सांगत होता. वर मॉनिटरिंग दर 10 सेकंदांनी वाचायचं, आणि मीटर बंद पडला तर शेवटचा आकडा तसाच धरून ठेवायचं, रंगासकट. सिस्टिम बसवणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं.

त्या संध्याकाळी सातवा सेल बायपास केला आणि 14 सेलसाठी फ्लोट 31.5 वर आणला. सहा वर्षांच्या सेटमध्ये एकच नवा सेल घालून उपयोग नसतो, पुढच्या आठवड्यात पंधराही बदलले. सेन्सिंग बॅटरीच्या बाजूला नेलं. आठवड्यातून एकदा चार्जर तोडून 5 अँपिअरचा लोड 10 सेकंद लावायचा आणि त्यातलं किमान व्होल्टेज नोंदवायचं असं लॉजिक टाकलं. 27 च्या खाली गेलं की अलार्म. मीटरशी संपर्क तुटला तर आकडा करडा होऊन शेजारी वेळ दिसते. मालकांनी कपॅसिटर ट्रिपचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेल्या ऊर्जेने ब्रेकर उघडायच्या सोयीचं, विचारलं. चांगली गोष्ट आहे, पण ती सहसा जास्त व्होल्टेजवर चालते, 30 व्होल्टच्या कॉइलला चालत नाही. वेगळी कॉइल बसवावी लागते. तो खर्च त्यांनी दिवाळीनंतरवर ढकलला.

नव्या सेटवर, चार्जरचा एमसीबी पाडून, सेकंडरी इंजेक्शन दिलं, म्हणजे रिलेला बाहेरून फॉल्टसारखा करंट दिला. ब्रेकर 46 मिलिसेकंदांत उघडला, डीसी 28.6 च्या खाली गेलं नाही. इलेक्ट्रिशियनने बॅटरीचं रजिस्टर काढलं. महिन्यामागून महिने एकाच कॉलममध्ये 33.7, 33.7, 33.7. त्याने पट्टी घेऊन शेजारी दुसरा कॉलम आखला आणि वर लिहिलं, "बल्ब लावून".