‘हा’चं पान

मार्चचा तिसरा शनिवार, रात्री

लेक झोपलाय. ओटा आवरून बसलेय, पण डोक्यातून ‘हा’ हे जपानी अक्षर काही जात नाही. लिहून काढते, म्हणजे झोप लागेल.

आमच्या भागातल्या सभागृहात शनिवारी जुन्या जपानी गाण्यांचा वर्ग भरतो. बहुतेक सगळ्या आज्याच, मी त्यांच्यात सगळ्यांत धाकटी. तिथं गाण्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे, पानांच्या कडा बोटं लागून लागून मऊ पडलेल्या. मागची सूची गाण्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली आहे. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, यंदा ठरवलं, प्रत्येकीनं एक अक्षर घ्यायचं आणि वर्षभर त्याच अक्षराची गाणी शिकायची. ‘सा’ लगेच गेला, साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी. मी ‘हा’ मागितला. सेन्सेई म्हणाल्या, “छान, तुमच्या वाट्याला सगळा वसंत आला.” वसंत म्हणजे हारु, फूल म्हणजे हाना.

पण मी ‘हा’ मागितला तो वसंतासाठी नव्हे.

गेल्या वर्षी लेक पहिलीत गेला तेव्हा आम्ही न्हाणीघराच्या भिंतीला हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा, तक्ता चिकटवला. इथं पुष्कळ घरांत मुलं टबात बसून अक्षरं शिकतात, तक्ता पाण्यानं खराब होत नाही. एका संध्याकाळी मी डाळीला फोडणी देत होते आणि आतून त्याचं घोकणं ऐकू येत होतं: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘मा या रा वा’ कानावर पडलं आणि माझा हात थांबला. म य र व! मधला ल तेवढा नाही, जपानीत तो नाहीच. मग मी मागून पुढे गेले. आधी स्वर, अ इ उ ए ओ, आपल्याच क्रमानं. मग क. मग च-वर्गाच्या जागी स. मग त, न. आणि म-च्या आधी, जिथं आपला प बसतो, तिथं बसलाय ‘हा’. मोहरी जळली त्या दिवशी.

हे योगायोगानं झालेलं नाही. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी लिपी शिकत, तिच्यासोबत संस्कृतची वर्णमाला जपानात आली, आणि अकराव्या शतकापर्यंत तिच्यावरून जपानी ध्वनींची मांडणी तयार झाली. कंठापासून ओठांकडे येण्याची ती आपली सगळी रीत. आज टोकियोतल्या काराओकेच्या खोलीत कुणी गाणं शोधतं, तेव्हा ते आपल्या पाटीवरच्या अक्षरांच्या रांगेतूनच बोट फिरवत जातं. मला हे कळलं तेव्हा भरून आलं होतं, आणि अजूनही येतं.

मग प-च्या जागी ह कसा? तर तो प-च होता. फार पूर्वी फुलाला ‘पाना’सारखं काहीतरी म्हणत. पुढे ओठ सैल पडत गेले, प-चा फ झाला, आणि फ-चा ह. मधल्या फ-चा पुरावा चक्क आपल्या गोव्यात आहे. युरोपहून परतणारे चार जपानी तरुण १५८७ साली गोव्यात होते. त्यांच्यातल्या हारा मार्तिनोनं ४ जूनला सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि १५८८ साली ते गोव्यातच छापलं गेलं. छापताना त्याचं आडनाव रोमन लिपीत जे पडलं, ते ‘फारा’. कानाला ऐकू आलं तसंच लिहिलेलं. नंतर १६०३ साली जेझुइट पाद्र्यांनी नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापायला घेतला, त्यातही फूल ‘फाना’च आहे.

याहून मला आवडतं ते १५१६ सालच्या संग्रहातलं एक कोडं. आईशी दोनदा भेट होते, बापाशी एकदाही नाही, तर ते काय? उत्तर आहे, ओठ. आजच्या जपानीत याचा अर्थच लागत नाही. आई म्हणजे ‘हाहा’, आणि ‘हाहा’ म्हणताना ओठ कुठे भेटतात? पण तेव्हा ती ‘फाफा’ होती. बाप ‘चिची’, त्याला ओठ लागतच नाहीत. कोडं रचणाऱ्याला वाटलंही नसेल, की पाचशे वर्षांनी कुणी त्यावरून त्याच्या आईची हाक ऐकेल.

आता गाणी. पान उघडलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो संगीतकार ताकी रेंतारो. सुमिदा नदीवरच्या वसंताचं ‘हाना’ त्यानं १९०० साली केलं, आणि १९०१ साली ‘हाकोने हाचिरी’ आणि आसाकुसाच्या देवळातल्या कबुतरांचं ‘हातो पोप्पो’. १९०३ साली क्षयानं गेला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. माझ्या एका पानावर त्याची तीन गाणी. ‘हाना’ दोन आवाजांत म्हणतात. खालचा आवाज मी आणि माझ्या शेजारच्या आजी घेतो. त्या कंबरेत किंचित वाकून, डोळे मिटून म्हणतात, आणि नदी आली की त्यांचा हात वल्ह्यासारखा हलतो. त्यांना ते ठाऊकही नसतं.

‘हामाबे नो उता’ हे समुद्रकाठचं गाणं, शब्द हायाशी कोकेईचे, चाल नारिता तामेझोची. लाट येऊन परत जावी तशी चाल आहे. ते मी अजून नीट म्हणू शकत नाही, दम पुरत नाही.

सूचीत ‘बा’ आणि ‘पा’सुद्धा ‘हा’च्याच घरात राहतात. डोक्यावर दोन टिंबं दिली की बा, बारीकसं गोल दिलं की पा. त्यामुळे १९६६ सालचं ‘बारा गा साइता’ हे गुलाबाचं गाणंही माझ्याच वाटणीला आलं. पण मला राहून राहून वाटतं ते त्या गोलाबद्दल. जे अक्षर मुळात प होतं, त्याला आज प व्हायचं तर डोक्यावर गोल घेऊन यावं लागतं.

नवी गाणीही आहेत. हितोतो यो हिचं २००४ सालचं ‘हानामिझुकी’ लग्नात गातात, पण न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिनं ते शब्द लिहिले होते. हानामिझुकी म्हणजे अमेरिकेहून आलेलं झाड. टोकियोनं १९१२ साली वॉशिंग्टनला साकुरा पाठवली, तिच्या बदल्यात आलेलं. आणि ‘हाना वा साकु’. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर, २०१२ साली, तिथल्या मियागी प्रांतातल्याच दोघांनी ते लिहिलं आणि संगीत दिलं: इवाई शुन्जी आणि कान्नो योको. वर्गात ते म्हणतो तेव्हा नंतर कुणी काही बोलत नाही, चहा होईपर्यंत.

त्या गाण्याचं नाव लेकानं हिरागानात वाचलं तेव्हा तो ‘हाना हा साकु’ असं म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथं दोन्ही ठिकाणी एकच अक्षर लिहिलेलं आहे. फुलातला तो ‘हा’, आणि नंतरचा प्रत्यय असल्यानं ‘वा’. शब्दाच्या पोटातला प ह-पर्यंत गेला नाही, तो व-वर थांबला. आपल्याकडेही दीपचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं. दिवा लावताना मला आता हे आठवतं.

आज वर्ग सुटल्यावर लेकाला घेऊन टोकियोतल्याच योयोगी-हाचिमानला गेले. माझं पुढचं गाणं ‘हारु नो ओगावा’, १९१२ सालचं, वसंतातला ओढा. शब्द लिहिणारे ताकानो तात्सुयुकी त्याच बाजूला राहत, आणि तो ओढा म्हणजे तिथली कोहोने नदी असं मानतात. १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास तिच्यावर झाकण पडलं. आता तिथं ओदाक्यू रेल्वेच्या कुंपणाला लागून अरुंद रस्ता आहे आणि त्याच्या कडेला गाणं कोरलेला दगड.

लेक दगडापुढे उभा राहून वाचायला लागला. “…नो ओगावा.” ‘लहान’ आणि ‘नदी’ ही कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, पहिलीत होतात, ‘वसंत’ दुसरीत.

“आई, हे पहिलं काय?”

“हारु.”

“यात ‘हा’ कुठंय?”

खरंच, कांजीत अक्षर दिसतच नाही. तेवढ्यात गाडी धडधडत गेली, आणि ती गेल्यावर त्यानं विचारलं, “पण ओढा कुठंय?” मी पायाखालचा रस्ता दाखवला. तो बाजूला सरकला, कुणाच्या अंगावर पाय पडल्यासारखा.

परतीच्या गाडीत त्याच्या वहीत मी जुन्या पद्धतीनं नाव लिहून दिलं. पूर्वी ‘गावा’तला वा-ही ‘हा’ अक्षरानंच लिहीत. त्यानं बोट ठेवून वाचलं, हारु नो ओगाहा. आणि खूप खूप आधी हे दोन्ही प होते, म्हटलं.

मग घरी येईपर्यंत तो खिडकीला नाक लावून तेच गात होता, पारु नो ओगापा.