तुम्ही विचारलंत म्हणून: न्हाणीतली डार्करूम

आमच्याकडे येणारा माणूस परसातल्या दोरीला चिमट्यांनी लावलेले ओले फोटो बघतो आणि हमखास विचारतो, "घरात डार्करूम, म्हणजे फिल्मवरचे फोटो धुवायची अंधारी खोली करायची तर काय काय विकत घ्यावं लागतं?" मुलं विचारतात, लग्नाचे फोटो काढणारे विचारतात, परवा बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांनीही विचारलं. म्हणून एकदा नीट सांगते.

खरेदीला लगेच निघू नका. आधी आठवडाभर आपलं घर बघा. उजेड कुठून येतो, पाणी किती गार असतं, जमीन कधी हादरते, हे कळल्याशिवाय घेतलेलं मशीन माळ्यावरच जातं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, जुनं, कौलारू. मागच्या न्हाणीत फरशी आहे, मोरी आहे, खिडकी हातभर एकच. जागा हीच, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं. खिडकीला काळं कापड दुहेरी शिवून लावलं, दाराच्या फटीला जुन्या कांबळ्याची पट्टी ठोकली आणि भर दुपारी बारा वाजता दार लावून आत बसले. पहिली दोन मिनिटं मिट्ट काळोख. मग डोळे सरावले. पाचव्या मिनिटाला माझ्याच बांगड्या दिसायला लागल्या, दहाव्या मिनिटाला कौलांच्या प्रत्येक सांध्यातून उजेडाचा ठिपका. वर एक काचेचं कौल होतं, त्यावर कोळशाची काजळी धरलेली, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच नव्हतं. म्हणून सांगते, दिवे मालवून लगेच "झाला अंधार" म्हणू नका, दहा मिनिटं बसा. मी वाशांखालून काळी ताडपत्री ताणून घेतली तेव्हा कुठे काम सुरू झालं.

लाल दिव्याबद्दलही थोडं सांगते. तो फक्त ब्लॅक अँड व्हाइट कागदासाठी, कारण त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. हल्लीच्या बहुतेक फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून रोल फिल्म धुवायच्या बंद टाकीत भरेपर्यंत लाल दिवासुद्धा चालत नाही. बाजारातला लाल झीरोचा बल्ब पुष्कळदा नुसता रंगवलेला असतो, त्यातून दुसरा उजेड निसटतो. तपासायचा असेल तर एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाला फिकट करडा येईल इतपतच उजेड द्या, त्यावर रुपयाचं नाणं ठेवा, लाल दिव्यात पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला. कोऱ्या कागदावर ही परीक्षा फसवी ठरते, थोडा उजेड आधी खाल्लेला कागद जास्त हळवा असतो.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते हादऱ्याने. दोन महिने माझी एकही प्रिंट खणखणीत येईना. फोकस भिंगाने बघून घ्यायची, कागद सपाट दाबायची, तरी केसांच्या बटा लोकरीसारख्या दिसायच्या. लेन्सच खराब म्हणून मी दुसरी मिळवली, तरी तेच. एकदा वीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना शेजारी लाल दिव्यात ट्रेमधल्या पाण्याकडे नजर गेली. पाण्यावर बारीक, एकसारख्या रेषा उठत होत्या. पलीकडच्या भिंतीआड चार पॉवरलूम आहेत! ते फरशीखालून माझा एन्लार्जर हलवत होते आणि आम्हाला त्या खडखडाटाची इतकी सवय की तो ऐकूच येत नव्हता. शहापूर, वडगाव, खासबाग भागात राहणाऱ्यांनी हे आधी बघावं. आता एन्लार्जर जाड रबरावर उभा आहे, खांब वर भिंतीला बांधलाय आणि मोठी प्रिंट मी रात्री माग थांबल्यावरच करते.

पाण्याचं गणित सोपं आहे. डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. बेळगावची थंडी थोडी खाली नेते, पण एप्रिलमध्ये घरच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी ३० च्या आसपास असतं. तेवढ्या तापमानात फिल्म भराभर काळी होते आणि वेळ पाच मिनिटांच्या आत गेला की डाग पडतात. मी खानापूरचा माठ न्हाणीतच ठेवलाय. डेव्हलपर त्याच्या पाण्यात कालवायचा आणि फिल्मची टाकी परातीत उभी करून भोवती तेच पाणी घालायचं. बर्फापेक्षा हे बरं, कारण तापमान एकदम घसरत नाही. पावसाळ्यात कागद आणि निगेटिव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर बुरशी येते.

आता एन्लार्जर. तो पहिल्या दिवशी लागतच नाही! वडिलांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरच्या, एका रोलवर बारा. त्या मी कागदावर ठेवल्या, वर जाड काच, आणि टांगलेला बल्ब क्षणभर लावला. ट्रेमध्ये कागद हलवत होते. आधी काहीच नाही, मग पदराचा काठ काळा झाला, मग नथ सोडून सगळा चेहरा भरत आला आणि शेवटी नथीचे मोती पांढरेच राहिले. माझी आजी, काडेपेटीहून थोडी मोठी. त्या रात्री मी तसे नऊ फोटो केले. एन्लार्जर पुढे वर्षभराने आला, बंद होणाऱ्या एका स्टुडिओतून.

फिक्सरबद्दल, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाबद्दल, मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. जुने लोक त्याला हायपो म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्ये दाखवलं की चांदीचे क्षार त्यात विरघळतात, आणि फिल्म-कागदावर थर असतो तो याच क्षारांचा. म्हणजे वापरलेल्या फिक्सरमध्ये तुमच्या फोटोंतली चांदी असते. आमच्या परसात विहीर आहे, तीन घरांचं धुणंभांडं तिच्यावर. म्हणून वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही. मी तो कॅनमध्ये साठवते, त्यात स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता टाकते, लोखंड विरघळतं तशी चांदी काळ्या गाळासारखी तळाला बसते. कॅन कुठे द्यायचा हे ठरल्याशिवाय पहिला फिक्सर कालवूच नका.

बघायला यायचं असेल तर रात्री नऊनंतर या, माग थांबलेले असतात. चपला बाहेर काढा आणि मोबाइल ओसरीवरच ठेवा, त्याचा उजेडही कागदाला पुरतो.