भावाचा पाय हायड्राखाली गेला: भरपाई मिळवतानाचा माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ चाकणजवळच्या एका बांधकामाच्या साइटवर रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधणारा-सावरणारा कामगार होता. हायड्राला, म्हणजे माल उचलून चालणाऱ्या क्रेनला, टांगलेला लोखंडी गर्डर डोलू नये म्हणून तो हाताने धरून पुढे चालत होता. बूम (क्रेनचा पुढचा दांडा) आणि माल समोर असला की त्या बाजूचा माणूस ऑपरेटरला दिसत नाही. म्हणून माल दोरीने, लांबून सावरायचा असतो. त्या साइटवर दोरीच दिलेली नव्हती. पुढचं चाक पायावरून गेलं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. वय 30.

तो आयसीयूत असतानाच ठेकेदार स्टॅम्प पेपर घेऊन आला. "घरातल्या घरात मिटवू. बिल भरतो, वर दोन लाख देतो. पोलिसात जाऊ नका." आई सही करणार होती, मी कागद परत दिला. भरपाईचा हक्क सोडल्याचं असं लिहून देणं कायद्याने रद्दच ठरतं, आणि रकमेचा करार कामगारांच्या भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवला नाही तर मालकाची जबाबदारी संपत नाही, हे मला वकिलांकडून नंतर कळलं. दवाखान्याने एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केली होती, त्यामुळे पोलिसात नोंद झाली आणि पंचनामाही झाला.

वकिलांनी आधी विचारलं, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते का? कापत असतील तर मालकाकडे भरपाईचा दावा करता येत नाही. कापत नव्हते. मग दोन वाटा होत्या. हायड्रा आरटीओकडे नोंदलेली, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाता आलं असतं. तिथे पूर्ण पगार धरतात, पण ऑपरेटरची चूक सिद्ध करावी लागते, आणि "तोच पुढे का चालत होता?" हा प्रश्न येतोच. दुसरी वाट 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याची. तिथे चूक कोणाची हे बघत नाहीत, काम करताना अपघात झाला एवढं पुरतं. दोन्हीकडे मागता येत नाही. आम्ही दुसरी धरली. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, आमचा अपघात त्याआधीचा.)

सगळ्यात जास्त दमवलं ते "हा आमचा माणूसच नाही" या उत्तराने. बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवायचा, ठेकेदार हायड्राच्या मालकाकडे, आणि तो म्हणायचा, मी फक्त मशीन भाड्याने दिलं. नेमणुकीचं पत्र नव्हतं. मग गेटपास, सुपरवायझरने ग्रुपवर टाकलेले हजेरीचे फोटो, फोनवर आलेला पगार आणि सेफ्टी ट्रेनिंगच्या रजिस्टरवरची भावाची सही, असं एकेक गोळा केलं. ते रजिस्टर समोरच्यांनी स्वतःच्या बचावासाठी आणलं होतं, पण भाऊ त्यांच्याच साइटवर होता हे त्याच सहीने ठरलं. मुख्य मालकालाही ठेकेदाराच्या माणसाची भरपाई द्यावी लागते, नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, असं 1923 च्या कायद्याचं कलम 12 सांगत होतं. म्हणून सगळ्यांनाच सामनेवाले केलं.

हिशोब असा. पगार 18,000 असला तरी हिशोबात धरायची मर्यादा 15,000 ची होती. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तिसाव्या वर्षासाठीचा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820 रुपये. मात्र गुडघ्याखाली पाय गेल्यास त्या कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची 50 टक्के हानी धरली होती, म्हणजे 9,35,910. ठेकेदाराची विमा कंपनी त्यावरच अडून बसली. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा निकाल दाखवला: कोपराच्या वर डावा हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची हानी पूर्ण. उंचावर चढणाऱ्या रिगरचंही तेच. इथे डॉक्टरांची साक्ष फार महत्त्वाची ठरली. अपंगत्वाचा दाखला शरीराची टक्केवारी सांगतो, कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरांनी वेगळं सांगावं लागतं. ते वेळ काढून आले, त्यांचे उपकार आहेत.

आयुक्तांनी पूर्ण हानी धरली. ठेकेदाराची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगारांच्या भरपाईचा विमा) होती, त्यातून भरपाई आणि 12 टक्के व्याज जमा झालं. महिन्याभरात पैसे न दिल्याचा दंड मात्र मालकाच्या खिशातूनच जातो, आणि तो त्याने अजून भरलेला नाही. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी त्याची वसुली व्हावी, असा अर्ज आम्ही दिला आहे.